कार्डावरच्या रिकाम्या चौकटी : 2020–21 च्या बाळांच्या राहिलेल्या लशी

कोविडच्या काळात राहून गेलेल्या लशींबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलाचा जन्म जुलै 2020 चा. पेंटाचे दोन डोस झाले, तिसऱ्याच्या वेळी गावात सत्रच नव्हतं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची (एमआर) लस मिळाली, त्यानंतर काहीच नाही. आता तो साडेपाच वर्षांचा आहे. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का? धाकटीच्या कार्डावर पीसीव्हीच्या (न्यूमोकोकल न्यूमोनियावरच्या लशीच्या) चौकटी आहेत, थोरल्याच्या कार्डावर त्या नाहीतच, असं का? (परभणी)

पहिल्यापासून काहीही करायचं नाही. दोन डोसांतलं अंतर कितीही वाढलं तरी आधीचा डोस वाया जात नाही. अंतर चार आठवड्यांपेक्षा कमी पडलं तर मात्र नंतरचा डोस धरत नाहीत. म्हणजे जिथे थांबलात तिथून पुढे.

पेंटात पाच लशी असतात : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (न्यूमोनिया, मेंदुज्वर घडवणारा जिवाणू). हिबचा धोका मुख्यतः पहिल्या पाच वर्षांतला, म्हणून या वयात पेंटाऐवजी डीपीटी (यांतल्या पहिल्या तिन्हींची लस) देतात. आज एक डीपीटी द्यायची, हा त्याचा तिसरा डोस. सहा महिन्यांनी एक बूस्टर. हा बूस्टर चार वर्षांनंतर मिळत असल्याने शाळेत जाताना द्यायचा दुसरा बूस्टर वेगळा लागत नाही. पुढची सुई थेट दहाव्या वर्षी, टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची). सरकारी कार्यक्रमात डीपीटी वयाच्या सात वर्षांपर्यंतच देतात, त्यामुळे आणखी वर्षभर टाळलंत तर ही दारं बंद होतील. हिपॅटायटिस बीचा राहिलेला डोस वेगळ्या लशीने पुरा करता येतो, तो विसरू नका.

एमआरचा दुसरा डोस डीपीटीच्या दिवशीच दुसऱ्या अवयवात देता येतो. सरकारी केंद्रात एमआर साधारण पाच वर्षांपर्यंत देतात. तिथे नाही म्हणाले तर बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) मिळते, तिला ही वयाची अट नाही. पोलिओच्या थेंबांनाही पाच वर्षांची मर्यादा आहे, तेव्हा आयपीव्हीच्या, म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनबद्दल त्याच भेटीत विचारा. पल्स पोलिओला पाजलेले थेंब चांगलेच, पण ते नियमित डोसांत मोजत नाहीत. रोटाव्हायरसचा (जुलाबावरच्या लशीचा) विषय संपला. ती लस पहिल्या वाढदिवसानंतर सुरूच करत नाहीत.

थोरल्याच्या कार्डावर चौकटी नाहीत यात कुणाची चूक नाही. पीसीव्ही देशभरच्या सरकारी कार्यक्रमात 2021 मध्ये आली आणि एफआयपीव्हीचा, म्हणजे कमी मात्रेतल्या आयपीव्हीचा, नवव्या महिन्यातला तिसरा डोस जानेवारी 2023 पासून. दोन भावंडांची कार्डं शेजारी ठेवून घाबरणारे पालक पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

प्रश्न : लसीकरण आता पूर्ववत झालं असं वाचतो. मग जुन्या मुलांची एवढी काळजी कशाला? (पुणे)

पूर्ववत झालं ते नव्या बाळांचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात अडीच कोटी बालकांचे एक किंवा अधिक डोस राहिले. भारतात पेंटाचा पहिला डोसही न मिळालेली बाळं 2021 मध्ये सुमारे 27 लाख होती, 2022 मध्ये ती 11 लाखांवर आली. ही सुधारणा खरी आहे. पण हे आकडे त्या त्या वर्षीच्या बाळांचे असतात. 2021 चं राहिलेलं मूल 2022 च्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही, ते वाढत्या वयाबरोबर तसंच पुढे सरकतं. गोवर त्याला बरोबर शोधून काढतो. एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना गोवर देऊ शकतो, आणि तो रोखायला वस्तीतल्या 95 टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. दर वर्षी थोडी थोडी मुलं सुटली की काही वर्षांत उद्रेकाला पुरेल इतकी जमतात. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, शिवाय भिवंडी आणि मालेगाव इथे तेच घडलं.

प्रश्न : त्याच उद्रेकाच्या वेळी मुलीला सातव्या महिन्यात आणि पुन्हा नवव्या महिन्यात लस दिली. मग दोन डोस पूर्ण झाले ना? (मुंबई)

नाही. नऊ महिन्यांच्या आत दिलेला डोस उद्रेकापुरता असतो, त्याला शून्य डोस म्हणतात. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं शिल्लक असतात आणि ती लशीचं काम अर्धवट ठेवतात. मोहिमेतला जादा डोसही वेळापत्रकाबाहेरचा. नवव्या महिन्याचा डोस पहिला, आणि 16 ते 24 महिन्यांतला दुसरा. तो झाला नसेल तर लगेच घ्या.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आमच्याकडचे पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते एप्रिलच्या आसपास परततात. त्यांच्या बाळांचं काय करावं? एका आईचं कार्डही हरवलं आहे. (बीड)

निघण्यापूर्वी आशाताईंकडून पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या तारखा येतात ते लिहून घ्या. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आई-वडील दोघांच्या फोनमध्ये हवा. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) नोंद झाली असेल तर त्याच मोबाइल क्रमांकावरून कुठल्याही जिल्ह्यात पुढचा डोस घेता येतो. मात्र हंगामात सिम बदललं की नोंद सापडेनाशी होते, म्हणून जुना क्रमांक लिहून ठेवा. कारखान्यावर पोचल्यावर जवळच्या उपकेंद्राचा सत्राचा वार विचारायचा. गावचं कार्ड नाही म्हणून कुणालाही परत पाठवता येत नाही.

नेमकी अडचण येते ती एमआर आणि बीसीजीला (क्षयावरच्या लशीला). या लशी पावडर स्वरूपात येतात, त्या कालवल्यावर चार तासांत वापरायच्या आणि उरलेल्या टाकून द्यायच्या. एका कुपीत बरेच डोस असतात, म्हणून "चार मुलं जमू द्या, मग या" असं सांगितलं जातं. हे चूक आहे. एका बाळासाठीही कुपी फोडायची, असाच नियम आहे. कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) राहणारी आई पुढच्या सत्राला येईलच याची खात्री नसते, आणि एक कुपी वाया जाणं हे बाळ राहून जाण्यापेक्षा केव्हाही परवडतं. कुपीवर कालवल्याची वेळ लिहिली आहे ना, हे मात्र बघा.

कार्ड हरवलं असेल तर आधी उपकेंद्रातल्या नोंदवहीत शोधा. तिथेही नसेल तर आईला "कोणती लस दिली" असं न विचारता "सुई कुठे टोचली" असं विचारा. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडात गोवर-रुबेला, डाव्या दंडावर व्रण असेल तर बीसीजी. नर्सताईंना शोध घ्यायला याची मदत होते. तरीही खात्री पटली नाही, तर डोस झालेला नाही असं धरून द्यावा. एमआरचा एखादा डोस जादा झाल्याने अपाय होत नाही.

प्रश्न : कोविडच्या लशीने मोठ्यांना ताप आला, तेव्हापासून आया पेंटाला नको म्हणतात. त्यांना काय सांगू? (आशा कार्यकर्ती, नंदुरबार)

ताप येणार नाही, असं कधीही सांगू नका. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, चिडचिड होऊ शकते हे आधीच सांगितलं की पुढच्या वेळी आई परत येते. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं : दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला 50 ते 75 मिलिग्रॅम. 5 मिलीत 125 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते 2 ते 3 मिली होतं, पण 1 मिलीत 100 मिलिग्रॅमचे थेंब असतील तर अर्धा ते पाऊण मिलीच. घात इथेच होतो. सिरपच्या मापाने थेंब दिले की चौपट औषध पोटात जातं. बाटलीवरचा आकडा आईला बोटाने दाखवा. ताप असेल तरच द्यायचं, दोन वेळांत सहा तासांचं अंतर ठेवून. टोचलेल्या जागी हळद, तेल काही नको, चोळायचंही नाही.

एमआरचा ताप मात्र पाच ते बारा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळासह. हे सांगितलेलं नसलं की "लशीनेच गोवर झाला" अशी बोलवा होते. बीसीजीची जागा काही आठवड्यांनी सुजते, पिकते, मग व्रण पडतो. ते तसंच व्हायला हवं.

झटका, तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, अंग सैल पडणं, दूध न ओढणं, यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना. लशीनंतर अर्धा तास तिथेच थांबवा, कारण तीव्र ॲलर्जी बहुधा त्या वेळातच दिसते.

प्रश्न : सर्दी असेल तर लस पुढे ढकलावी का? (सांगली)

नाही. साधी सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब, कमी वजन यांपैकी कशासाठीही थांबायचं नाही. बाळाला दाखल करावं लागेल इतकं आजारपण असेल तरच बरं होईपर्यंत थांबा.