वजनकाट्याकडे पाठ करून उभी राहा

‘ताई, मला पाचवा महिना चालू आहे. कॉलेजात असताना मला बुलिमिया होता. बकाबका खायचं आणि मग मुद्दाम उलटी काढायची. उपचारांनी बरी झाले होते. मागच्या तपासणीला नर्सने माझं वजन मोठ्याने वाचलं आणि त्या रात्रीपासून पुन्हा तेच सुरू झालं. नवऱ्याला वाटतं, गरोदरपणातल्या उलट्या आहेत. पोटात बाळ असताना असं करणारी बाई आई व्हायच्या लायकीची असते का?’

असते गं. हा आजार आहे, तुझ्या मायेत काही उणं नाही.

पण डॉक्टरांना याच आठवड्यात सांग, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. बोलायला जीभ रेटत नसेल तर कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकव : ‘मला पूर्वी बुलिमिया होता. तो उलटलाय. मी मुद्दाम उलट्या करते.’ वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून रक्ततपासणी लागेल. धडधड, भोवळ, उलटीत रक्त किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठ. मानसोपचाराची जुनी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नकोस.

वजन घ्यावंच लागेल, पण तो आकडा तुला कळलाच पाहिजे असं कुठे आहे? काट्याकडे पाठ करून उभी राहा. ‘नोंदवा, पण मोठ्याने वाचू नका,’ असं नर्सला आधीच सांग. असं सांगण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

स्वतःला टाकून बोललीस की आजार आटोक्यात येईल असं तुला वाटतंय, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. लाज वाटली की तू जेवण टाळतेस, उपाशी राहिलीस की खाण्यावरचा ताबा सुटतो, मग उलटी, घटकाभर सुटल्यासारखं वाटतं आणि पुन्हा लाज. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी करुणाकेंद्री, म्हणजे स्वतःशी मायेने वागायला शिकवणारी, उपचारपद्धती मांडली ती अशाच, लाजेने आणि स्वतःला कोसण्याने पोखरलेल्या माणसांसाठी. खाण्याच्या आजारांसाठीही ती वापरतात. तिथली करुणा म्हणजे लाड नव्हेत. उलटी झालीच, तर नुसत्या पाण्याने चूळ भर. लगेच दात घासू नकोस, आम्लाने मऊ पडलेलं दातांवरचं आवरण झिजतं. आणि पुढचं खाणं ठरल्या वेळी खा. शिक्षा म्हणून उपास नको. त्या क्षणी हे फार जड जातं, मला माहीत आहे. म्हणूनच ते एकटीने न करता खाण्याच्या आजारांची जाण असलेल्या थेरपिस्टबरोबर कर.

थेरपी बाळंतपणानंतरही चालू ठेव. झोप नाही, शरीर अनोळखी, ‘पूर्वीसारखी कधी होणार?’ असं विचारणारी माणसं भोवती. गरोदरपणात सावरलेल्या बायकांचाही आजार या काळात उलटू शकतो. बाळंतपणातल्या नैराश्याचा धोकाही जास्त असतो. प्रसूतीनंतरची पहिली भेट आत्ताच ठरवून टाक.

नवऱ्यालाही सांग. तो घाबरेल, कदाचित ताटावर लक्ष ठेवू लागेल. तेव्हा त्याला नेमकं काम दे : ‘मी किती खाल्लं ते मोजू नकोस. जेवण झालं की तासभर माझ्याजवळ बस, दुसरं काहीही बोल.’