वाचकांचे प्रश्न: खाऱ्या पाण्याच्या माशांना टँक केवढा घ्यायचा?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गोड्या पाण्याचा दोन फुटी टँक आहे, गप्पी-मॉली मस्त चाललेत. आता मुलीला क्लाउनफिश आणि तो निळा टँग पाहिजे. दुकानदार म्हणतो मासे आत्ता दोन-दोन इंचाचेच आहेत, आहे त्याच टँकमध्ये सोडा, मोठे झाले की बघू, आणि मासा टँक बघूनच वाढतो. खरं आहे का हे?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ताई, अजिबात खरं नाही, आणि हे ऐकून लई जणांनी मासे घालवलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. लहान टँकमध्ये मासा वाढायचा थांबलेला दिसतो खरा, पण तो काय जागा बघून शहाणपणानं थांबलेला नसतो, पाण्यात घाण साठते, ताण येतो, अंगानं खुरटतो आणि मग रोग धरतात. म्हणून आधी मासा ठरवायचा, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि दिवसभर काय करतो ते बघायचं, आणि मगच काचेचं माप सांगायचं.

तुमचेच दोन मासे घ्या. क्लाउनफिश फार तर तीन-चार इंच होतो आणि स्वभावानं एकाच कोपऱ्यात घर धरून राहणारा, लांब पोहत नाही, त्यामुळं त्याची जोडी कमी जागेत सुखात राहते. निळा टँग मात्र वाढून फूटभर होतो आणि समुद्रात तो दिवसभर पाण्यातले बारीक जीव आणि थोडंफार शेवाळ खात फिरत असतो, त्याला सरळ पोहायला लांबी लागते, सहा फुटाच्या आत त्याला ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे जवळपास 680 लिटर, नुसत्या पाण्याचंच वजन सातशे किलो, वर काच, दगड, स्टँड. दुसऱ्या मजल्यावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते करू नका.

तुम्हाला मी तीन बाय दीड बाय दीड फूट सांगेन. फुटांचा गुणाकार करून 28 नं गुणलं की लिटर येतात, म्हणजे इथं साधारण 190, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून दीडशे-एकशेसाठ धरा. वजन सगळं मिळून अडीचशे किलोच्या वर जाईल, भिंतीलगत, खाली बीम असेल तिथं ठेवा. आणि उंच टँकच्या नादाला लागू नका, दिसायला भारी दिसतो पण माशाला पोहायला लांबी-रुंदीच उपयोगी पडते आणि हवा लागते ती पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून, त्यात खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा कमीच विरघळतो.

तुमचा दोन फुटी टँक जेमतेम 55 लिटरचा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी एवढं पाणी बघता बघता तापतं, पाणी उडून जातं पण मीठ मागं राहतं म्हणून खारटपणा वाढतो, एखादा मासा मेला तर अमोनिया (घाण कुजून पाण्यात तयार होणारं विष) एका रात्रीत चढतो. जास्त पाण्यात हेच सगळं सावकाश होतं, तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. नवीन माणसानं म्हणूनच छोट्यापासून सुरुवात करू नये. पाणी 25 ते 27 डिग्रीत राहिलं पाहिजे, उन्हाळ्यात फॅन किंवा चिलर (पाणी थंड करायचं मशीन) लागेल, पातळी कमी झाली की फक्त साधं आरओचं पाणी घालायचं, आणि पावसाळ्यात लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात असू दे.

टँक भरल्यावर लगेच मासे नकोत. लाइव्ह रॉक (घाण पचवणारे जिवाणू असलेले समुद्री दगड) घालून चार-सहा आठवडे थांबा, अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट, ही दोन्ही विषं शून्य आली की मग क्लाउनची जोडी, दोन वेगळ्या साईजचे लहान घ्या, मोठा असतो तो मादी होतो. नंतर एखादा गोबी, म्हणजे तळाशी राहणारा छोटा मासा. आणि मुलीला निळाच पाहिजे असेल तर यलोटेल डॅमसेल एकच आणा, अंग निळं, शेपूट पिवळी, तीन इंचाच्या आत राहतो, थोडा भांडखोर असतो म्हणून सगळ्यात शेवटी सोडा. जुना टँक विकू नका, नवीन मासा आधी वेगळा ठेवायला तो कामाला येईल.

प्रश्न: मोठा टँक म्हणजे मिठाचा खर्च पण मोठा. रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं तर चालेल का?
– एक वाचक, कळंबा

उत्तर: भाऊ, किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, बंदराचं तेल-घाण असते, आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून खारटपणा उतरतो, शिवाय कॅनमध्ये बंद राहून त्यातले जीव मरतात. मी आणणार नाही. तीन फुटी टँकला पहिल्यांदा साडेपाच-सहा किलो अॅक्वेरियमचं सी सॉल्ट लागतं (स्वयंपाकाचं मीठ नाही!), पुढं पंधरा दिवसाला वीसेक लिटर बदललं तर पाऊण किलोत भागतं. आदल्या रात्री बादलीत आरओच्या पाण्यात मीठ टाकून पंप लावून ठेवा, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) 1.025 आलं की मगच टँकमध्ये घाला.