फोर्ट सिम्पसनला येण्याआधी नदी समजून घे

तू विचारलंस, "ताई, कॅनडात फोर्ट सिम्पसनच्या आरोग्य केंद्रात नर्सची नोकरी मिळतेय. नवरा घरून काम करतो, मुलगी सात वर्षांची आहे. नकाशावर गाव म्हणजे नुसता ठिपका. येऊ का?" मी सहा वर्षं इथेच नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पगार आणि थंडी यांची माहिती तुला कुठेही मिळेल. इथे खरी सत्ता नदीची आहे, आणि ते कुणी आधी सांगत नाही. लिआर्ड नदी मॅकेन्झी नदीला मिळते त्या संगमावरच्या बेटावर हे गाव वसलंय. वस्ती हजार-अकराशे माणसांची. दक्षिणेकडून येणारा रस्ता लिआर्डपाशी संपतो आणि तिच्यावर पूल नाही. उन्हाळ्यात गाड्या फेरीबोटीतून नदी ओलांडतात, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून. पण वर्षातून दोनदा, बर्फ धरत असताना आणि फुटत असताना, काही आठवडे दोन्ही बंद असतं. मग विमानाशिवाय वाट नाही. पहिल्या वर्षी आमचं सामान नोव्हेंबरात नदीपलीकडे अडकलं आणि त्यातच मुलाचे थंडीचे कपडे होते. शेजारच्या आजींनी स्वतः शिवलेले फरचे हातमोजे आणून दिले. तो उपकार मी विसरणार नाही.

मे महिना सगळ्यात कठीण. लिआर्ड दक्षिणेकडून येते, त्यामुळे तिचा बर्फ आधी फुटतो आणि मॅकेन्झीच्या अजून घट्ट असलेल्या बर्फावर जाऊन आदळतो. तिथे बांध घातल्यासारखं पाणी तुंबतं. 2021 च्या मे महिन्यात असंच पाणी गावात शिरलं आणि लोकांना घरं सोडावी लागली. म्हणून घर बघताना एकच गोष्ट विचार: 2021 मध्ये इथे पाणी आलं होतं का?

आता नावाविषयी. 1803 च्या सुमारास नॉर्थ वेस्ट कंपनीने इथे फरच्या व्यापाराचं ठाणं टाकलं. बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या लोकरीपासून युरोपात फेल्टच्या हॅट बनायच्या, त्यासाठी ही सगळी धडपड. 1821 मध्ये ती कंपनी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली आणि पुढे गावाला त्या कंपनीचे गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन यांचं नाव मिळालं. पण व्यापारी आले त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी, डेने लोक, या संगमावर जमत होते. त्यांच्या भाषेत ही जागा लिडली कुए, म्हणजे नद्या मिळतात ती जागा, आणि मॅकेन्झी म्हणजे देह चो, मोठी नदी. हे दोन शब्द येण्याआधी शिकून ये. 1921 मध्ये कॅनडा सरकार आणि डेने यांच्यातल्या 11 क्रमांकाच्या करारावर इथे सह्या झाल्या. जमिनीवर कुणाचा हक्क, हा प्रश्न लोकांच्या बोलण्यात आजही जिवंत आहे. डेने मुलांना घरापासून तोडून वसतिगृहात ठेवलं गेलं, त्या पिढीतली माणसं तुझे पेशंट असतील. एखाद्या आजोबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला तर गप्प बसून थांब. माझ्या कामातलं हे सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य आहे, आणि ते मला इथेच शिकावं लागलं.

फरचा धंदा अजून संपलेला नाही. हिवाळ्यात कितीतरी जण सापळे लावायला जंगलात जातात, मार्टेन आणि लिंक्सची कातडी लिलावाला पाठवतात. सुरुवातीला मला ते बघवायचं नाही. आता समजतं की त्या एका फेरीत त्यांची भाषा, जमीन आणि नातवंडं एकत्र येतात.

कामाचं सांगते. इथे मोठं रुग्णालय नाही. गंभीर पेशंट विमानाने यलोनाइफला, म्हणजे इथल्या राजधानीच्या शहरात, जातो, बाळंतपणासाठीही बायका तिकडेच जातात. रात्री फोन आला की पहिला निर्णय नर्सचा असतो. तुझा अनुभव फक्त वॉर्डातला असेल, तर आधी दोन वर्षं इमर्जन्सीत काढ, मगच ये. कॅनडात नर्स म्हणून नोंदणी हातात पडेपर्यंत भारतातली नोकरी सोडू नकोस.

मुलीची काळजी करू नकोस. शाळा लहान आहे, तिथे डेने भाषाही शिकवतात आणि पोरं बर्फात मोठी होतात. अवघड जाईल ते तुझ्या नवऱ्याला. डिसेंबरच्या शेवटी दिवस पाच-साडेपाच तासांचा, पारा उणे 40 ला टेकतो, आणि त्यात माणूस दिवसभर घरात एकटा. इंटरनेट चांगलं आहे, पण वणव्यात लाइन तुटते. घरून काम असलं तरी त्याला गावात काहीतरी धरायला सांग, हॉकीच्या रिंकवर मदत केली तरी चालेल.

तूरडाळ, गोडा मसाला, कोकम सहा महिन्यांचं भरून आण. ताजी भाजी महाग मिळते आणि रस्ता बंद असला की मिळेलच असं नाही. व्हाइटफिश मात्र उत्तम, आमसूल घालून कालवण छान होतं.

रुजू व्हायची तारीख तुझ्या हातात असेल तर जूनचा दुसरा आठवडा माग. फेरीबोट सुरू झालेली असते, रात्री अकरालाही उजेड असतो, आणि थंडी यायच्या आत शेजारी ओळखीचे होतात. तारीख ठरली की कळव. नदीवर न्यायला मी येईन.