सपाट तळव्यांमुळे पायाचे कोणते त्रास होतात आणि त्यावर करायचं काय?

तुम्ही विचारलंय की दादरला साडीच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभं राहावं लागतं, तळवे लहानपणापासून सपाट आहेत, हल्ली सकाळी उठल्यावर टाच आणि संध्याकाळी घोटा आतल्या बाजूने ठणकतो, कुणी म्हणतं हाड वाढलंय, कुणी ऑपरेशनची भीती घालतं, आणि चार वर्षांच्या मुलीचे पायपण तसेच दिसतात तर तिला आत्तापासून स्पेशल बूट घालायचे का. मी परळच्या बाजूला ऑर्थो वॉर्डला सिस्टर आहे, माझे स्वतःचे तळवे सपाट, आईचेही तसेच होते, आणि आमची ड्युटी सगळी उभ्याने, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मनातली भीती काढून टाका. सपाट तळवा हा आजार नाही, ती पायाची ठेवण आहे, कित्येकांची असते आणि जन्मभर त्यांना काही होत नाही. दुखायला लागलं की मात्र एक करायचं, एका बोटाने नेमकी जागा दाखवायची. ओपीडीत लोक येतात आणि 'पूर्ण पाय दुखतो' सांगतात, पण जागेवरूनच निम्मं निदान होत असतं.

त्याआधी घरी एक साधी गोष्ट बघून घ्या. भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभ्या राहा आणि घरातल्या कुणालातरी मागून मोबाईलवर फोटो काढायला सांगा. चवड्यावर उभं राहिल्यावर तळव्याची कमान दिसायला लागली आणि टाचा किंचित आत वळल्या तर तुमचा पाय लवचिक सपाट पाय आहे, बहुतेकांचा हाच असतो आणि हा प्रकार व्यायाम, चपला याने चांगला सांभाळता येतो. चवड्यावर उभं राहूनही तळवा सपाटच राहिला, किंवा एका पायावर तोल धरून टाच उचलताच येत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. कमान येते कशी, तर अंगठा वर वळला की तळव्याखालचा जाड पट्टा, प्लांटर फॅशिया, ताणला जातो आणि धनुष्याची दोरी ओढल्यावर काठी वाकावी तशी पायाची हाडं वर उचलली जातात.

आता तुमची टाच. सकाळी बिछान्यातून उठून पहिली काही पावलं टाकताना टाचेखाली आतल्या बाजूला सुरी लागल्यासारखं दुखतं, चाललं की कमी होतं, बराच वेळ बसून उठलं की परत तेच, असं असेल तर हा तोच पट्टा दुखावलाय, याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. सपाट पायात हा पट्टा जास्त ताणाखाली राहतो, त्यात पोटऱ्या आखडलेल्या, वजन थोडं वाढलेलं आणि दिवसभर कडक लादीवर उभं राहणं, मग तो कुरकुरणारच. आणि ते 'हाड वाढलंय' प्रकरण सांगते. एक्सरेमध्ये टाचेला टोक दिसतं आणि माणूस हादरतो, पण असं टोक कितीतरी जणांना असतं ज्यांची टाच कधीच दुखलेली नाही, आणि ज्यांची दुखते त्यांची ते टोक न काढताही बरी होते. फक्त हाड वाढलंय म्हणून कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. टाचदुखी चिवट असते हे खरं, महिनोन्महिने रेंगाळते, पण बहुतेकांची वर्षभरात ऑपरेशनशिवाय जाते. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन कधीकधी देतात, त्याने तात्पुरता आराम पडतो, पण परत परत घेऊ नका, पट्टा तुटायची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ व्हायची भीती असते.

घोट्याच्या दुखण्याकडे मात्र टाचेपेक्षा जास्त लक्ष द्या असं मी म्हणेन. पोटरीतून एक स्नायू निघतो, टिबियालिस पोस्टेरियर, त्याची दोरी घोट्याच्या आतल्या हाडामागून वळून पायाच्या मधल्या हाडांना जाऊन चिकटते आणि कमान उचलून धरायचं मोठं काम तीच करते. सपाट पायात तिच्यावर कायम जास्तीचा भार. ती दुखावली की घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि खाली दुखतं, सूज येते, जास्त उभं राहिलं की वाढतं. चाळिशीनंतरच्या बायकांत, त्यातही वजन, शुगर, बीपी असेल तर हे जास्त दिसतं. दुर्लक्ष केलं तर दोरी हळूहळू सैल पडते, पाय आणखी बसतो, मग घोट्याच्या बाहेरच्या बाजूलाही दुखायला लागतं, आणि शेवटी सांधे कडक होतात. लवकर पकडलं तर आधार आणि व्यायामाने आटोक्यात राहतं, म्हणून घोट्याला सूज दिसत असेल तर अजून काही महिने बघू असं करू नका.

बाकीचे त्रास थोडक्यात सांगते. पाय आत कलंडतो तसा गुडघाही आत वळतो आणि पुढून दुखतो. धावणाऱ्या मुलामुलींना नडगीच्या आतल्या कडेला दुखतं. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर येऊन अंगठा बाजूच्या बोटांकडे झुकतो, आणि अरुंद चपला घातल्या की तिथे घट्टे, भोवऱ्या होतात. भोवरीला मेडिकलमधून पट्टी आणून लावतात त्यात ॲसिड असतं, शुगरवाल्यांनी ती अजिबात लावू नये.

चपलांचं बोलू, कारण मुंबईत निम्मं दुखणं तिथेच आहे. मेडिकलमध्ये 'डॉक्टर चप्पल' म्हणून मिळते ती एमसीआर रबराची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, मुळात कुष्ठरोगाने बधीर झालेल्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वापरात आलेली. ती मऊ असते, टाचेला बरं वाटतं, घरात घालायला छान, पण साध्या एमसीआरला कमानीचा आधार नसतो, त्यामुळे तुमच्या घोट्याला तिचा फारसा उपयोग नाही. कोल्हापुरी दिसायला सुंदर, पण पूर्ण सपाट आणि कडक, लग्नकार्यापुरती ठेवा. पावसाळ्यात तर आपण सगळेच चार महिने रबरी सपाट चपलांत काढतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये टाचा बोलायला लागतात, त्यासाठी मागून पट्टा असलेली, तळाला उंचवटा असलेली, पाण्यात चालणारी सॅंडल घेऊन ठेवा. बूट घेताना मागचा भाग दोन बोटांनी दाबून बघा, तो कडक हवा, बूट चवड्यापाशी वाकावा, मध्यातून दुमडला तर नको. जुन्या चपलेचा तळ उलटा करून बघा, आतली कड जास्त झिजली असेल तर ती चप्पल कितीही आवडती असो, टाकून द्या.

बुटाच्या आत घालायचे आर्च सपोर्टचे, म्हणजे कमानीला आधार देणारे, इनसोल मिळतात. टाचदुखीसाठी तयार इनसोल आणि मापाने बनवलेले महाग इनसोल यात फार फरक पडत नाही असं अभ्यासात दिसलंय, म्हणून आधी तयार, जरा घट्ट प्लास्टिकचा, बोट दाबलं तर न बसणारा असा घ्या. तो घातल्याने कायमची कमान तयार होते असं मात्र नाही, घातलाय तोवर आधार. पहिले काही दिवस टोचल्यासारखं वाटतं, एकदम दहा तास घालू नका, रोज तासा-दोन तासाने वाढवत न्या.

दुकानात तुम्ही अनवाणी उभ्या राहत असाल ना, बऱ्याच साडीच्या दुकानांत तसंच असतं. शेठना सांगून काउंटरमागे जाड रबरी मॅट टाकून घ्या किंवा आत घालायला वेगळी स्वच्छ सॅंडल ठेवा. यावर कुणीतरी सांगेल की अनवाणी चालणंच चांगलं, तर तेही खोटं नाही. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले होते, १९९२ साली ते छापून आलं. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के, पुढून बंद बूट घालणाऱ्यांत तर सगळ्यात जास्त. पण ती वाढत्या वयाची, मोकळी हुंदडणारी मुलं. मोठ्या माणसाच्या दुखऱ्या पायाला दिवसभर एकाच जागी मार्बलवर उभं करणं ही वेगळीच गोष्ट आहे. सिद्धिविनायकाला पहाटे घरून अनवाणी चालत जाणाऱ्यांचं दुखणं दुसऱ्या दिवशी कसं उसळतं ते मी बघितलंय, दुखणं ताजं असताना बाप्पाला सांगा आणि चपला घालून जा.

याच अभ्यासातून तुमच्या मुलीचं उत्तर मिळतं. चार वर्षांच्या मुलांचा पाय सपाट दिसणं नॉर्मल आहे, तळव्यात चरबीची गादी असते आणि हाडं एकमेकांना बांधून ठेवणारी लिगामेंट सैल असतात, कमान पुढे काही वर्षांत हळूहळू तयार होते. १९८९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, त्यात लहान मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल घालायला लावले, तरी न घालणाऱ्या मुलांपेक्षा पायात काही फरक पडला नाही. तिला दुखत नसेल, चवड्यावर उभी राहिल्यावर कमान दिसत असेल तर महागाच्या बुटांवर पैसे घालवू नका, घरात आणि मैदानावर मातीत खेळू द्या. पुढे नऊ-दहा वर्षांची झाल्यावर दुखायला लागलं आणि पाय कडक वाटला तर दाखवा, काही मुलांत हाडं जन्मतः जुळलेली असतात.

व्यायाम तुमच्यासाठी. भिंतीला हात लावून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, पोटरी ताणेल इतकं पुढे झुका, अर्धा मिनिट, तीनदा, मग तेच गुडघा किंचित वाकवून. दुसरा, उभ्या उभ्या बोटं न मुडपता अंगठ्याचं बूड टाचेकडे ओढायचं, कमान उचलली जाते, पाच सेकंद धरा, हे लोकलमध्ये उभ्यानेही होतं, कुणाला कळतपण नाही. तिसरा, टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवून दोन्ही टाचा तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, एक दिवस आड. सूज असताना हा तिसरा करू नका. सकाळी पाय खाली टाकायच्या आधी बिछान्यातच अंगठा हाताने मागे ओढून तळवा ताणून घ्या, पहिल्या पावलाची कळ बरीच कमी होते.

एकच पाय अचानक सपाट झाला, किंवा शुगर असलेल्या माणसाचा पाय लाल, गरम, सुजलेला आहे आणि दुखत मात्र नाही, तर त्याच दिवशी हॉस्पिटल, त्यात आतली हाडं ढासळत असू शकतात आणि त्यावर चालत राहिलं तर पाय कायमचा बिघडतो. ऑपरेशनबद्दल विचारलंत, तर टाचेचं हाड सरकवणं, दुसरी दोरी जोडणं, सांधे जोडून टाकणं असे प्रकार आहेत, पण चपला, इनसोल, व्यायाम हे सगळं करूनही दुखणं थांबत नाही तेव्हाचं.

दाखवायला केईएम, सायन, नायर कुठलीही ऑर्थो ओपीडी चालेल, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. मापाचे इनसोल लागलेच तर हाजी अलीला केंद्र सरकारचं ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, महालक्ष्मी स्टेशनपासून जवळ, तिथे पायाचे आधार बनवायचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना रोजच्या वापरातली झिजलेली चप्पल सोबत न्या, डॉक्टरांना तिच्या तळावरून बरंच कळतं.