हिंमत देणारा, आपल्या विदर्भातला एखादा सिनेमा सांगा ना?

यादी राहू द्या, आधी सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) पाहा. गाभ्रीचा ही आपल्याकडची शिवी. ती पावसाला का बसते, हे दुबार पेरणी केलेल्याला सांगावं लागत नाही. गावात एका शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका (सोनाली कुलकर्णी) घाबरते. नवऱ्याचं, किसनाचं मन रमावं म्हणून पुरणपोळी करते, वर पोराला त्याच्या मागावर लावून देते. किसना जाईल तिथे पोरगं हजर! हसू येतं, पण घशातच अडकतं.

मी हा बाबांसोबत मोबाइलवर पाहिला, यवतमाळकडच्या आमच्या गावी. मधेच ते उठले, अंगणात जाऊन आभाळ पाहून आले, परत बसले. बोलले काहीच नाहीत.

मन आधीच खचलेलं असेल तर मात्र हा एकट्याने पाहू नका. मग 'झुंड' (२०२२) बरा: नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं आणि फुटबॉल, क्रीडाशिक्षक विजय बारसेंच्या कामावर बेतलेला. थोडा लांबलाय, पण पोरं अस्सल आहेत. गडचिरोलीतलं, आमट्यांच्या दवाखान्याचं हेमलकसा पाहायचं असेल तर नाना पाटेकरांचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' (२०१४) आहेच.