15 मिमीच्या मराठा सैन्यासाठी बेस कसे निवडावेत?

तुमच्याकडे टेबलावरच्या युद्धखेळासाठी 15 मिमी स्केलचे, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या सैनिकांचे, धातूचे मराठा सैन्य आले आहे, त्यात घोडदळ जास्त आणि पायदळ कमी आहे, कोणत्या नियमांनी खेळायचे हे अजून ठरलेले नाही, आणि म्हणून प्रत्येक सैनिकाला स्वतंत्र बेस, म्हणजे पायाखालचा सपाट तुकडा, द्यावा की तीन-चार जणांना एकत्र चिकटवावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकते. 15 मिमीसाठी गटाचेच बेस करा, प्रत्येक बेसची रुंदी 40 मिमी ठेवा, आणि उद्या मत बदलले तर सैनिक रंग न बिघडता सुटून येतील अशा रीतीने ते चिकटवा.

रुंदीवर मी एवढा भर देते, कारण बहुतेक नियमांमध्ये शत्रूकडे तोंड केलेली बाजूच मोजली जाते. किती बेस एका ओळीत लढतात, कोणाची बगल उघडी पडते, दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून एका वेळी किती तुकड्या जातील, हे सगळे तिच्यावर ठरते. बेसवर तीन सैनिक उभे आहेत की चार, याने फारसे बिघडत नाही. 15 मिमीसाठी 40 मिमी रुंदीची पद्धत 1990 मध्ये आलेल्या डीबीए या नियमांमुळे सर्वदूर रुजली. ते नियम 1500 सालापर्यंतच्या सैन्यांसाठी असल्यामुळे शिवकाल त्यांत बसत नाही, पण त्यानंतरच्या काळासाठी लिहिलेल्या डीबीआरने आणि फील्ड ऑफ ग्लोरी रेनेसाँने हीच रुंदी कायम ठेवली. इम्पेटससारख्या नियमांना 15 मिमीसाठी 80 मिमी रुंदी लागते, तिथे दोन बेस शेजारी-शेजारी ठेवले की काम होते. म्हणजे नियम ठरायच्या आधीच तुम्ही निर्धास्तपणे सुरुवात करू शकता.

बेसच्या खोलीच्या, म्हणजे पुढून मागपर्यंतच्या मापाच्या, बाबतीत ढोबळ प्रमाण असे आहे: दाटीने उभे राहणारे पायदळ चार जणांचे आणि 15 मिमी खोल, विखरून लढणारे हलके पायदळ दोन जणांचे आणि 20 मिमी खोल, घोडदळ 30 मिमी खोल, तर हत्ती आणि तोफ 40 मिमी खोल. घोडदळात तीन स्वार म्हणजे फळी धरून चाल करणारी तुकडी, आणि दोन स्वार म्हणजे हलके, झटकन येऊन झटकन जाणारे. मराठा सैन्यात ही दुसरी तुकडी भरपूर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गनिमी काव्याचे सैन्य टेबलावर दाटीवाटीने उभे दिसले की ते आपले वाटतच नाही.

आता भाल्यांकडे लक्ष द्या. मराठा स्वारांच्या हातात लांब भाले असतात, आणि भाला आडवा धरलेला असेल तर त्याचे टोक बेसच्या पुढे बाहेर येते. मग समोरासमोर दोन बेस भिडवायची वेळ आली की मध्ये फट राहते, आणि जोर केला तर भाला वाकतो. म्हणून चिकटवण्यापूर्वी स्वार नुसते ठेवून पाहा, त्यांना थोडे मागे सरकवा, किंवा घोडे किंचित तिरके उभे करून भाल्याचे टोक शेजारच्या घोड्याच्या मानेवरून जाऊ द्या. माझ्या पहिल्या बारा बेसांपैकी पाच मला याच कारणासाठी पुन्हा करावे लागले.

28 मिमीचे सैनिक असते तर मी उलट सल्ला दिला असता. त्या आकारात प्रत्येक सैनिकाला 20 किंवा 25 मिमीचा स्वतंत्र बेस द्यावा आणि गटाने हलवण्यासाठी खाचा असलेला ट्रे वापरावा. तिथे मापे बदलत राहतात. वॉरहॅमर या लोकप्रिय युद्धखेळातले स्पेस मरीन नावाचे सैनिक एकेकाळी 25 मिमीच्या बेसवर येत, ते पुढे 32 मिमीवर गेले. ट्रे बदलणे सोपे असते, सैनिक उपटणे अवघड.

बेससाठी मी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, वापरते. मुंबईत ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्या अनेक दुकानांत लेझर कटिंग होते, तिथे मापांचा कागद दिला की तुकडे कापून मिळतात. जाडी 2 मिमीपेक्षा कमी घेऊ नका. खेळताना बोटांनी बेसची कड धरता आली नाही, तर माणूस नकळत सैनिकाच्या डोक्याला धरतो आणि रंग झिजतो. एमडीएफचा एक दोष मात्र आपल्या हवेत जास्तच जाणवतो. फक्त वरच्या बाजूला पाणी घातलेला फेव्हिकॉल लावला की ती बाजू फुगते, आणि वाळताना बेस वाकडा होतो. वरून लावण्याआधी खालच्या बाजूला रंगाचा एक हात द्या आणि बेस वजनाखाली वाळू द्या. पावसाळ्यात मी एका थरानंतर पूर्ण एक दिवस थांबते.

खालून चुंबकीय रबरी शीट चिकटवा आणि सैन्य पत्र्याच्या डब्यात ठेवा. मी दादरहून ठाण्याला खेळायला लोकलने जाते, गर्दीत डबा आडवा होतो, पण आतला एकही स्वार हलत नाही. उलट रचना, म्हणजे बेसखाली पत्रा आणि डब्यात चुंबक, हीसुद्धा चालते. मात्र मुंबईच्या दमटपणात बेसखालचा पत्रा गंजतो.

सैनिक बेसला चिकटवताना फेव्हिक्विकचा मोह टाळा. फेव्हिकॉलने चिकटवलेला सैनिक खेळात पक्का राहतो, आणि बेस रात्रभर पाण्यात ठेवला की सकाळी सुटून येतो. एमडीएफचा तुकडा वाया जातो, पण रंगवण्यात घातलेल्या रात्री वाचतात.

बेसवर पसरायच्या मातीच्या बाबतीत मी एक चूक केली, ती तुम्ही करू नये. मी जुहूच्या किनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणली आणि न धुता वापरली. जूनमध्ये तिच्यातल्या मिठाने ओल धरली, आणि रंगावर पांढरे डाग उठले. त्यानंतर मी नदीची वाळू गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, वाळवून, चहाच्या गाळणीने गाळून घेते. गाळणे महत्त्वाचे आहे, कारण 15 मिमी म्हणजे साधारण शंभरास एक हे प्रमाण, आणि त्यात 2 मिमीचा खडा वीस सेंटिमीटरचा धोंडा होतो. सैनिकाच्या पायाखालची ओतीव चकती झाकायला पांढरी रांगोळी फेव्हिकॉलमध्ये कालवून लावावी. ती छान बसते आणि स्वस्तही पडते.

शेवटी रंग. परदेशी मार्गदर्शक व्हिडिओ पाहून हिरवेगार बेस करणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि ते पाहून मला मनापासून वाईट वाटते. मराठा फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत, म्हणजे त्यांच्या पायाखाली पावसाळ्यानंतर सुकत चाललेले गवत असे. प्रतापगडची लढाई 10 नोव्हेंबर 1659 ची आहे, तिथे हिरव्यात पिवळे मिसळलेले चालेल. साल्हेरची लढाई फेब्रुवारी 1672 मधली, तिथे गवत पूर्ण पिवळे हवे. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, पण तिथली यमुनेकाठची फिकट, धुळकट माती आहे. आपल्या देशावरची काळी किंवा कोकणातली तांबडी जांभ्याची माती तिथे शोभणार नाही. हिरवे करायचेच असेल तर पावसाळ्याच्या अखेरची, 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई निवडा. मी साल्हेरसाठी गडद तपकिरी रंगाचा हात देऊन, त्यावर फिकट तपकिरी ड्रायब्रश करून, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवून, 2 मिमीचे पिवळे स्टॅटिक गवत, म्हणजे कृत्रिम तंतूंचे गवत, विरळ झुपक्यांनी लावते. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही हळीव पेरून हिरवळ उगवत असू, आणि त्या हिरवळीची सवय मोडायला मला बराच काळ लागला.

आधी घोडदळाचा एकच बेस पूर्ण करा, तो तुमच्या खेळायच्या चटईवर ठेवून चार फुटांवरून पाहा, आणि रंग पटला की मगच उरलेले हाती घ्या. मागच्या कडेला तुकडीचे नाव लिहिण्यापुरती 3 मिमीची पट्टी मोकळी सोडा.