डोक्यात गाठ तर नसंल न्हवं, ताई?

निपाणीच्या असोत की खानापूरच्या, डोकेदुखी घेऊन आलेल्या बायका शेवटी हेच विचारतात. वडगावातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बाईंनी तर बसायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"दवाखान्यात टेन्शन म्हणाले बघा. मला कसलं टेन्शन ओ?"

त्यांचा राग मला पटला. ताणाच्या डोकेदुखीत दोन्ही बाजूंनी फडकं आवळल्यासारखं दुखतं, पण माणूस कामं उरकतो. यांचं तसं नव्हतं. एकच बाजू ठणकायची, उलट्या व्हायच्या, मागाचा आवाज सोसायचा नाही, अंधारात दिवसभर पडून राहावं लागायचं. आपल्या आज्या याला अर्धशिशी म्हणायच्या. डोकेदुखीच्या वर्गीकरणात हीच मायग्रेन. उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारी. दुखणं हाच आजार, मागे गाठबिठ नाही, असा हा पहिला मोठा गट. दुसऱ्या गटात दुखण्यामागे वेगळं कारण असतं.

पण यांचं डोकं तर रोज दुखायचं; मायग्रेन रोज कशी दुखेल? मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सांगितलं: दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल. महिन्याने पान घेऊन आल्या. गोल होते २२.

"या तारखेला फुली नाही, गोल आहे?"

"मागावरच्या पाळीला जायचं होतं. दुखायला नको म्हणून आधीच घेतली."

मी गप्प बसले. बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे गोळी मी भिऊन घेते हुय, ताई?"

इतक्या वर्षांत मी शिकले ते हेच. भीतीला आपण नाव देऊन चालत नाही, ते त्या माणसाच्याच तोंडून यावं लागतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं: मूळ मायग्रेन, त्यावर गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली की ही जडू शकते. गोळ्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने थांबवाव्यात, कारण सुरुवातीला दुखणं वाढतं.

आणि क्षणात वीज कोसळल्यासारखं दुखलं, तापाबरोबर मान ताठली, हातपाय लुळे पडले किंवा बोबडी वळली, तर माझ्याकडे येऊ नका, थेट इस्पितळ गाठा. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवा.

तिसऱ्या महिन्याच्या पानावर फुल्या ५ होत्या, गोल ४. एका फुलीशेजारी त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, 'अर्धशिशी'.